स्पॅनिशचे दोन भूतकाळ आणि सबजंक्टिव्ह: मराठीतून धरता येईल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकायला लागून मला चौदा महिने झाले. रोज सकाळी तास-दीड तास बसते. ऐकलेलं बऱ्यापैकी समजतं, वाचतेही. पण लिहायला घेतलं की भूतकाळापाशी अडते ती अडतेच.

गेल्या आठवड्यात शिक्षकांनी एका रात्रीची गोष्ट लिहून आणायला सांगितली. मी पंधरा ओळी लिहिल्या, एकोणीस दुरुस्त्या आल्या. त्यातल्या बारा नुसत्या भूतकाळाच्या. सुरुवातीच्या पाच ओळी इथे ठेवते. मनातलं मराठी असं होतं:

पाऊस पडत होता. मी फलाटावर उभी होते. अचानक दिवे गेले. तिथे एका बाईंशी ओळख झाली. त्या शिक्षिका होत्या.

आणि मी लिहिलेली क्रियापदं अशी: ‘योबियो’, ‘एस्तुबे’, ‘से इबान लास लूसेस’, ‘कोनोसिया आ उना सेन्योरा’, ‘फ्वे उना माएस्त्रा’. पाचही चूक.

माझ्या इंग्रजी पुस्तकात नियम दिलाय की संपलेल्या क्रियेला प्रेतेरितो आणि न संपलेल्या क्रियेला इम्पेर्फेक्तो. अहो, पण पाऊस तर केव्हाच संपला! त्या फलाटावरून निघून मला तीन वर्षं झाली. मग ‘पाऊस पडत होता’ हे न संपलेलं कसं?

दुसरी अडचण सबजंक्टिव्हची, म्हणजे इच्छा, शंका, भावना अशा ठिकाणी येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाची. ज्या शब्दांनंतर ते येतं त्यांची चाळीस जणांची यादी पाठ केली आहे. कागदावर रिकाम्या जागा भरता येतात. बोलताना मात्र यादी आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

मराठी डोक्याने हे समजून घ्यायची काही वाट कोणाला सापडली आहे का? पुस्तकं सगळी इंग्रजीतून आहेत, त्यामुळे मी आधी मराठीचं इंग्रजी करते आणि मग त्याचं स्पॅनिश. इथेच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

पाऊलखुणा

नियमांबद्दल इथले जाणकार सांगतीलच. मी रूपांबद्दल बोलतो, कारण माझी निम्मी भीती रूपं तोंडात बसल्यावर गेली.

अनियमित प्रेतेरितो एका दमात म्हणायचे: तुबे, एस्तुबे, पुदे, पुसे, सुपे, इसे, बिने, दिहे, त्राहे. या सगळ्यांत जोर शेवटच्या अक्षरावर येत नाही. नियमित क्रियापदांत मात्र ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपांत जोर शेवटीच येतो. आणि हा जोर म्हणजे नुसती उच्चाराची हौस नव्हे. ‘आब्लो’ म्हणताना जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. ‘आब्ले’चंही तसंच: शेवटी जोर असेल तर ‘मी बोललो’, सुरुवातीला असेल तर सबजंक्टिव्हचं रूप. आपल्या देवनागरीत हा जोर दाखवायची सोयच नाही. म्हणून वहीत स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहून ठेवत असाल तर जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. मी वर्षभर मारली नव्हती, आणि वर्षभर ‘तो बोलला’ म्हणायच्या जागी ‘मी बोलतो’ म्हणत होतो.

मी रूपं चालताना मोठ्याने म्हणतो. प्रत्येक पावलाला एक.

कानामात्रा

उंबरठा, तुमची शंका अगदी रास्त आहे. तुमच्या पुस्तकातला नियमच लंगडा आहे. मी अकरा वर्षं स्पॅनिशमधून अनुवाद करते. पहिली तीन वर्षं मीही तुमच्यासारखीच इंग्रजीच्या वळणाने जात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत.

तुमच्या पाच ओळींचं मराठी पुन्हा वाचा. उत्तर त्यातच आहे. ‘पडत होता’, ‘उभी होते’, ‘गेले’, ‘ओळख झाली’, ‘होत्या’. मराठीत लिहिताना ‘पाऊस पडला, मी फलाटावर उभी राहिले, दिवे जात होते’ असं तुमच्या हातून चुकूनही झालं नसतं. कुठे ‘पडत होता’ आणि कुठे ‘पडला’ हे तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून जाणता. ते जाणणं इंग्रजीच्या वाटेवर सांडून गेलं, कारण इंग्रजीत होता, झाला आणि असायचा या तिघांना एकच शब्द पुरतो.

थेट जोडून बघा. मराठीत ‘-त होतो’, ‘-चो’ (जायचो, खेळायचो) किंवा वर्णनाचा ‘होता-होती-होतं’ आला की स्पॅनिशमध्ये इम्पेर्फेक्तो. ‘-ला, -ली, -लं’ आला आणि गोष्ट एक पाऊल पुढे सरकली की प्रेतेरितो. तुमच्या ओळी आता अशा होतात: ‘योबिया. एस्ताबा एन एल आन्देन. दे रेपेन्ते से फ्वे ला लूस. आयी कोनोसी आ उना सेन्योरा. एरा माएस्त्रा.’

तिसरी ओळ मला फार आवडते. ‘से फ्वे ला लूस’. ‘लूस’ म्हणजे उजेड, दिवा, आणि बोलताना वीजसुद्धा. आपणही ‘वीज गेली’ म्हणतो, तेही तसंच म्हणतात. तुम्ही मराठीतून थेट गेला असतात तर वाक्य आपोआप बरोबर आलं असतं. आणि पाचव्या ओळीतला ‘उना’ काढून टाका. ‘त्या एक शिक्षिका होत्या’ असं आपण म्हणत नाही, स्पॅनिशमध्येही नुसता व्यवसाय सांगताना ‘उना’ लागत नाही. तो ‘उना’ इंग्रजीने तुमच्या हातात दिला.

आता ‘संपलं की नाही’ या प्रश्नाबद्दल. तो प्रश्न सोडूनच द्या. आंद्रेस बेयो या व्याकरणकाराने 1847 साली चिलीत अमेरिका खंडातल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिलं. त्यात त्याने इम्पेर्फेक्तोला ‘कोप्रेतेरितो’ असं नाव दिलं. ‘को’ म्हणजे सह. सह-भूतकाळ! म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने चालू असलेली गोष्ट. मेक्सिकोतल्या शाळांत आजही हेच नाव शिकवतात. दिवे गेले, त्याच्या सोबतीने पाऊस पडत होता. पाऊस पुढे थांबला की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. हे नाव मला चौथ्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी माझी जुनी वही काढून सगळीकडे ‘अपूर्ण’ खोडून ‘सह’ लिहिलं.

तुमच्या चौथ्या ओळीतली चूक जरा वेगळ्या जातीची आहे. ‘कोनोसिया’ म्हणजे ‘ओळखत होते’, ‘कोनोसी’ म्हणजे ‘ओळख झाली’. इंग्रजी पुस्तकं इथे एक खास धडा काढतात की अमुक क्रियापदांचा अर्थ प्रेतेरितोमध्ये बदलतो, ते पाठ करा. आपल्याला पाठ करायचं काय आहे? मराठीत या जोड्या आधीच आहेत. ‘साबिया’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘पोदिया’ म्हणजे करू शकत होते, ‘पुदे’ म्हणजे जमलं. ‘केरिया’ म्हणजे हवं होतं, आणि ‘नो कीसे’ म्हणजे सरळ नाही म्हटलं. ‘तेनिया’ म्हणजे माझ्याकडे होतं, ‘तुबे’ बऱ्याचदा ‘मिळालं’च्या जवळ जातो: ‘तुबे नोतिसियास’, बातमी मिळाली. एका बाजूला चालू असलेली स्थिती, दुसऱ्या बाजूला ती स्थिती सुरू झाली तो क्षण. आपण तर त्यासाठी क्रियापदच बदलतो.

सबजंक्टिव्हवर रात्री लिहिते. तो विषय घाईत सांगायचा नाही.

उंबरठा

‘सह-भूतकाळ’ वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. चौदा महिन्यांत हे कोणी सांगितलं नव्हतं. राहिलेल्या दहा ओळी मराठीतून थेट लिहायला घेते. सबजंक्टिव्हची वाट बघते आहे.

कानामात्रा

आले. शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. क्रियापदाचे अर्थ चार: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरलो, पण स्पॅनिशने मला त्यांच्याकडे परत नेलं. सबजंक्टिव्ह म्हणजे काळ नाहीच, तो ‘अर्थ’ आहे. आणि त्याचा मोठा हिस्सा आपल्या विध्यर्थाशी जुळतो.

‘तू यावंस असं मला वाटतं’: ‘किएरो के बेंगास’. ‘तू अभ्यास करावास हे महत्त्वाचं आहे’: ‘एस इम्पोर्तान्ते के एस्तुदिएस’. ‘तुला समजावं म्हणून’: ‘पारा के एन्तिएन्दास’. ‘पाऊस पडो, पडावा’: ‘ओहाला युएबा’. ओहाला हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, मूळ अर्थ ‘देवाने इच्छिलं तर’. यावंस, करावास, समजावं, पडावा, या चारही ठिकाणी मराठी माणूस ‘येतोस’ किंवा ‘करतोस’ म्हणणार नाही. क्रियापदाचं रूप बदलायची गरज आपल्या कानाला जाणवते. तुमच्या चाळीस जणांच्या यादीतले निम्मे शब्द इथेच निकालात निघाले.

दुसरा गट त्याहून गमतीचा आहे. ‘पोचलास की फोन कर’: ‘यामामे क्वान्दो येगेस’. तो अजून निघालाही नाही आणि आपण ‘पोचलास’ म्हणतो! अजून न घडलेल्या गोष्टीला आपण भूतकाळाचं रूप चढवतो, स्पॅनिश तिथे सबजंक्टिव्ह चढवतं. दोन्ही भाषा आपापल्या परीने सांगतात की हे अजून झालेलं नाही. पण ‘मी पोचते तेव्हा ते झोपलेले असतात’ इथे रोजचा अनुभव आहे, म्हणून ‘क्वान्दो येगो’, साधा वर्तमान. तसंच ‘पाऊस पडला तरी जाईन’ हे ‘आउन्के युएबा’, आणि ‘पाऊस पडतोय तरी जातेय’ हे ‘आउन्के युएबे’. ‘पडला तरी’ की ‘पडतोय तरी’ एवढंच स्वतःला विचारा. मी आजही भाषांतर करताना ‘आउन्के’ दिसलं की हे वाक्य मनात म्हणते.

तिसऱ्या गटात आपण भविष्यकाळ वापरतो: ‘तो येईल असं मला वाटत नाही’ म्हणजे ‘नो क्रेओ के बेंगा’. ‘फ्रेंच येत असेल असा डॉक्टर शोधतेय’ म्हणजे ‘बुस्को उन मेदिको के आब्ले फ्रान्सेस’. पोटवाक्यात ‘-ईल’ किंवा ‘असेल’ दिसला की सावध व्हा, फक्त एक दार बंद ठेवा: ‘तो येईल असं मला वाटतं’ यात बोलणारा स्वतः ग्वाही देतो, म्हणून तिथे साधा भविष्यकाळ, ‘क्रेओ के बेन्द्रा’. ‘नाही’ आला की ग्वाही गेली आणि सबजंक्टिव्ह आलं.

डॉक्टरांच्या वाक्यात आणखी एक रत्न आहे. एखादा ठरावीक माणूस शोधत असू तर स्पॅनिश त्याच्याआधी ‘आ’ लावतं: ‘बुस्को आ उन मेदिको के आब्ला फ्रान्सेस’. आपण? ‘डॉक्टर शोधतेय’ आणि ‘एका डॉक्टरांना शोधतेय’. तोच फरक, तसाच प्रत्यय! ‘घर पाहिलं’ पण ‘मारियाला पाहिलं’. ‘बी ला कासा’ पण ‘बी आ मारिया’. इंग्रजीतून येणारे लोक या ‘आ’शी वर्षानुवर्षं झगडतात. आपला ‘-ला’ रोज हेच काम करतो.

जिथे मराठी साथ देत नाही ती जागाही सांगते. ‘तू इथे आहेस याचा आनंद वाटतो’. आपल्याकडे साधं ‘आहेस’, त्यांच्याकडे ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’, सबजंक्टिव्ह. गोष्ट खरी आहे, समोर आहे, तरीही. आनंद, दुःख, आश्चर्य, भीती यांच्या मागून आलेलं क्रियापद तसंच येतं. हे मात्र पाठ करावं लागतं. मी सात-आठ वाक्यं आख्खी पाठ केली, नियम पाठ केला नाही.

रूपांची भीती बाळगू नका. ‘मी’चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा, उलटा स्वर लावा: ‘-आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, बाकीच्यांना ‘आ’. ‘तेंगो’चं ‘तेंगा’, ‘बेंगो’चं ‘बेंगा’, ‘आब्लो’चं ‘आब्ले’. यात न बसणारी सहाच आहेत: सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे.

निळीशाई

कानामात्रा यांच्याशी बरीचशी सहमत आहे, पण मी शिकवते, त्यामुळे मराठीचा हात धरून चालणारे कुठे पडतात हेही रोज बघते. तीन खड्डे सांगून ठेवते.

पहिला ‘गेलो होतो’चा. आपण बोलताना ‘मागच्या वर्षी मी तिथे गेलो होतो’ असं सहज म्हणतो. त्याचं थेट ‘आबिया इदो’ करतात. चूक. नुसती मागे घडलेली गोष्ट सांगायची तर ‘फुई’, गेलो. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त लाल शाई या एका रूपावर जाते.

दुसरा लिंगाचा. आपल्याकडे ‘-आ’ने संपणारे घोडा, दरवाजा, आरसा पुल्लिंगी. त्यामुळे ‘कासा’ (घर), ‘मेसा’ (टेबल), ‘बेन्ताना’ (खिडकी) हे शब्द मराठी कानाला पुरुष वाटतात आणि विद्यार्थी ‘एल मेसा’ म्हणून जातात. ‘एल’ पुल्लिंगी शब्दाआधी, ‘ला’ स्त्रीलिंगी शब्दाआधी; स्पॅनिशमध्ये हे तिन्ही ‘ला’. आणि हे जरा अंगवळणी पडतंय तोवर ‘प्रोब्लेमा’, ‘सिस्तेमा’, ‘तेमा’, ‘इदिओमा’ येतात. हे ग्रीकमधून आलेले, ‘-मा’ने संपणारे आणि पुल्लिंगी. वर ‘मानो’, म्हणजे हात, ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगी. माझा आग्रह एकच असतो: शब्द कधीही एकटा लिहायचा नाही. वहीत ‘ला मानो’, ‘एल प्रोब्लेमा’ असा जोडूनच. बाकी मोठा-मोठी-मोठे असं विशेषण बदलायची सवय आपल्याला आहेच, त्याची धास्ती नको.

तिसरा ‘मला’चा. ‘मला पुस्तकं आवडतात’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ तंतोतंत जुळतं. ‘पाय दुखतात’, ‘मे दुएलेन लोस पिएस’ हेही छान जमतं. मग उत्साहात ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’ यांचीही तशीच वाक्यं करतात. तिथे मात्र स्पॅनिशमध्ये भूक आपल्याकडे ‘असते’: ‘तेंगो आम्ब्रे’, ‘तेंगो फ्रिओ’. तहान, झोप, घाई, वय, सगळं ‘तेंगो’.

जाता जाता एक जुळणी माझ्याकडूनही. ‘माझ्या हातून पेला पडला’ म्हणजे ‘से मे कायो एल बासो’. पेला स्वतः पडला, मी फक्त बाजूला, जिच्या हातून ते झालं ती. हे वाक्य समजावताना इतर पुस्तकं पानभर लिहितात. मराठी मुलांना मी नुसतं ‘हातून’ म्हणते आणि ती हसून मान डोलावतात.

उंबरठा

निळीशाई, पहिला खड्डा वाचून लगेच वही उघडली. माझ्या उरलेल्या दहा ओळींत चार ‘आबिया’ होते! आता सगळेच काढून टाकू का?

आणि कानामात्रा, दोन गोष्टी राहिल्या. ‘वेळ असता तर गेले असते’ याचं स्पॅनिश पुस्तकात दोन ठिकाणी दोन वेगळं दिलंय. आणि सेर-एस्तार या दोन ‘असणे’ क्रियापदांचं काय? मराठीत तर एकच ‘आहे’.

कानामात्रा

आधी ‘असता तर’. हा आपला संकेतार्थ. मराठीत ‘वेळ असता तर गेले असते’ हे आजबद्दलही बोलता येतं आणि दहा वर्षांपूर्वीबद्दलही, संदर्भावरून कळतं. स्पॅनिश ते दोन वाक्यांत वेगळं करतं. आज वेळ नाही म्हणून जात नाही: ‘सी तुबिएरा तिएम्पो, इरिया’. तेव्हा वेळ नव्हता म्हणून गेले नाही: ‘सी उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रिया इदो’. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, आज की तेव्हा. आणि ‘जर’वाल्या ‘सी’नंतर वर्तमानकाळी सबजंक्टिव्ह येत नाही. ‘वेळ असेल तर जाईन’ हे ‘सी तेंगो तिएम्पो’, साधा वर्तमानकाळ. वर मी पोटवाक्यातल्या ‘असेल’बद्दल सावध केलं होतं, पण ‘सी’ला ते लागू नाही.

‘तुबिएरा’ हे रूप कुठून येतं माहीत आहे? प्रेतेरितोचं ‘ते’चं रूप घ्या, ‘तुबिएरोन’, शेवटचं ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. बिनिएरोन-बिनिएरा, दिहेरोन-दिहेरा. पाऊलखुणा चालता चालता जे म्हणतात ते इथे कामाला येतं. आणि ‘तू यावंस असं मला वाटत होतं’ इथे आपलं ‘यावंस’ जागचं हलत नाही, पण स्पॅनिशमध्ये ‘केरिया के बिनिएरास’ होतं. मुख्य क्रियापद मागे गेलं की पोटातलंही मागे नेतात. माझ्या अनुवादात हे सगळ्यात उशिरा सुटलं.

सेर आणि एस्तार. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा नियम कृपा करून विसरा. मेलेला माणूस ‘एस्ता मुएर्तो’ असतो, आणि मरणाहून कायमचं काय आहे? तारुण्य जाणारच, तरी ‘एस होबेन’. या नियमाने मला वर्षभर फसवलं. मला उपयोगी पडलं ते मूळ. एस्तार लॅटिन ‘स्तारे’पासून आला, म्हणजे उभं राहणं, आणि ते संस्कृत ‘स्था’चं भावंड आहे. आपल्या ‘स्थिती’त तोच ‘स्थ’. म्हणून मी विचारते, हे वाक्य ओळख सांगतंय की स्थिती? ‘एस आबुरिदो’ म्हणजे तो माणूसच कंटाळवाणा, ती त्याची ओळख. ‘एस्ता आबुरिदो’ म्हणजे त्याला कंटाळा आलाय, ती त्याची स्थिती. ‘एस लिस्तो’ हुशार, ‘एस्ता लिस्तो’ तयार. मरण ही आलेली स्थिती, म्हणून एस्तार. वस्तू कुठे आहे हीसुद्धा स्थितीच, तिथेही एस्तार: ‘एल लिब्रो एस्ता आकी’.

एक गाठ राहते ती कार्यक्रमाच्या जागेची. ‘सभा कुठे आहे?’ याला ‘दोन्दे एस ला रेउनियोन’, सेर. तिथे ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून बघा. ‘सभा कुठे होणार आहे’ चालतं, ‘पुस्तक कुठे होणार आहे’ चालत नाही. जिथे चालतं तिथे सेर.

सरावाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. रोज सहा ओळींची डायरी. आधी मनात मराठी वाक्य पूर्ण बोलायचं, तोंडाने, मग स्पॅनिश लिहायचं. मधे इंग्रजी आलं तर ती ओळ खोडून पुन्हा लिहायची. आणि चुकांची वेगळी वही, तिच्यात डाव्या पानावर चुकलेली आख्खी ओळ, उजव्या पानावर दुरुस्त केलेली, बाजूला मराठी. माझ्या अशा नऊ वह्या झाल्या. त्यांतली दुसरी वही मी अजूनही महिन्यातून एकदा वाचते, कारण तिच्यातल्या ‘पोर’ आणि ‘पारा’च्या चुका परत परत डोकं वर काढतात. ‘लो इसे पोर ती’ म्हणजे तुझ्याखातर केलं, ‘लो इसे पारा ती’ म्हणजे तुला द्यायला केलं. ‘खातर’ सापडेपर्यंत मी दोन्हींना ‘साठी’च लिहीत होते.

निळीशाई

उंबरठा, सगळे ‘आबिया’ काढू नका! चारही ओळी इथे टाका, बघू.

उंबरठा

मराठीतूनच देते. एक: मी तिकीट काढलं होतं (गोष्टीच्या सुरुवातीला). दोन: त्या बाई दोन वर्षांपूर्वी त्या शहरात राहायला आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. तीन: आम्ही तासभर बोललो होतो. चार: मग गाडी आली होती.

निळीशाई

चार सरळ ‘येगो’, जोर शेवटी. गाडी आली, गोष्ट पुढे गेली. तीनही ‘आब्लामोस’, कारण ‘तासभर’ असं मोजून सांगितलं की प्रेतेरितो.

दोन मात्र तसंच ठेवा: ‘आबिया येगादो’. बाईंनी तुम्हाला सांगितलं तो क्षणच भूतकाळातला, आणि त्यांचं येणं त्याच्याही मागचं. असं दोन पायऱ्या मागे जायचं असेल तेव्हा तुमचं मराठी ‘आल्या होत्या’ आणि स्पॅनिश ‘आबिया’ दोन्ही बरोबर.

एकबद्दल मला सांगा: तिकीट कधी काढलं होतं? फलाटावर यायच्या आधी, की तिथे आल्यावर?

उंबरठा

आधी. सकाळीच.

निळीशाई

मग ‘आबिया कोम्प्रादो’ राहू द्या. फलाटावर आल्यावर काढलं असतंत तर ‘कोम्प्रे’ झालं असतं.